वांग : सहाणेपासून ट्यूबपर्यंत



या समूहात आपण वाड्यांवर लिहिलं, गणेशोत्सवांवर लिहिलं, नाट्यमंडळं आणि जुन्या शाळांवरही लिहिलं. आज जरा घरातला विषय घेते. आपल्या आया-आज्यांच्या गालांवर येणारे वांग, आणि ते घालवायला पिढ्यान्‌पिढ्या चाललेले घरगुती उपाय. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्याच घरातल्या दोन-तीन बायकांना या काळ्या डागांनी किती छळलं ते मी पाहिलं आणि ऐकलं आहे. शिवाय आपल्याकडची जुनी, तोंडी चालत आलेली माहिती आता मोबाइलवर फिरणाऱ्या नुस्ख्यांत मिसळून चालली आहे. ती मिसळण्याआधी एकदा नीट मांडून ठेवावी, म्हणून हा प्रपंच. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी शब्दाबद्दल. इंदुरात आमच्या शेजारणी म्हणायच्या ‘झाइयाँ’, आम्ही घरात म्हणायचो ‘वांग’. बेळगावला दिलेल्या माझ्या नणंदेकडं कानडी शेजारीण ‘बंगु’ म्हणते आणि हैदराबादच्या जाऊबाईंच्या घरी तेलुगू कामवाली ‘मंगु’ म्हणायची. वांग, बंगु, मंगु ही भावंडं आहेत हे कानालाच कळतं. आपला ‘वांग’ आला संस्कृतातल्या ‘व्यंग’ या शब्दावरून. हिंदीतली ‘झाईं’ मात्र ‘छाया’ या शब्दातून आली, म्हणजे सावली. एकाच डागाला हिंदीवाले सावली म्हणाले आणि आपण व्यंग म्हणालो. आयुर्वेदात ‘व्यंग’ हे नुसतं रोगाचं नाव होतं. मराठीत मात्र व्यंग म्हणजे खोट. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी हा दुसराच अर्थ जास्त लक्षात ठेवला.

सुश्रुतानं व्यंगाला ‘क्षुद्ररोग’ या गटात घातलं आहे. क्षुद्र म्हणजे लहानसहान. तीळ, लासं, नीलिका हे सगळे तिथेच येतात. वर्णन अगदी नेमकं आहे: तोंडावर येणारा, पातळ, न दुखणारा, काळपट डाग. कारणं काय सांगितली आहेत? राग आणि श्रम. पुढे वाग्भटानं अष्टांगहृदयात शोक आणि राग म्हटलं. माझी आजी काही संस्कृत शिकलेली नव्हती, पण तीही म्हणायची, “काळजी तोंडावर येते गं.” तेव्हा मला ती म्हण वाटायची. ग्रंथातलं वाचल्यावर कळलं की हे निदान केवढं जुनं आहे.

उपायही ग्रंथांत आहेत आणि त्यातले पुष्कळ आपल्या स्वयंपाकघरात जसेच्या तसे उतरले. मंजिष्ठा मधात कालवून लावायची, अर्जुनाची साल मधातून लावायची. मसूर दुधात वाटून त्यात तूप घालून लेप करायचा. जायफळ उगाळून लावायचं. केशराचं कुंकुमादी तेलही अष्टांगहृदयातलंच, पण ते श्रीमंताघरचं. आमच्यासारख्या नोकरदार घरात केशर दिसायचं ते फक्त कोजागरीच्या दुधात.

आता आमच्या घरची रीत सांगते. आम्ही पाच पिढ्यांचे इंदूरकर, रामबागेतले. देवाचं चंदन उगाळायची सहाण देवघरात, आणि औषधाची दुसरी सहाण माजघरातल्या कोनाड्यात. ही दुसरी सहाण बाळगुटीची. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, प्रत्येकाचे वेढे ठरलेले. घरात बाळंतीण असली की ही सहाण रोज ओली असायची. आणि गंमत बघा, वांग येतात तेही बहुतेक गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर. म्हणजे बाळासाठी जायफळ उगाळून झालं की त्याच सहाणेवर कच्च्या दुधाचे चार थेंब टाकून आजी आणखी पाच-सहा वेढे द्यायची आणि ते तपकिरी गंध सुनेच्या गालावर बोटानं टेकवायची. बाळगुटी आणि वांग या दोन गोष्टी आमच्या घरात अशा एकाच दगडावर चालत. (बाळाला जायफळ देऊ नका असं आताचे डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकावं. मी फक्त तेव्हाची रीत सांगते आहे.)

आजीचे नियम कडक होते. जायफळ फक्त डागावर, सगळ्या तोंडाला फासायचं नाही. रात्री निजण्यापूर्वी लावायचं, उन्हाच्या वेळी नाही. चुरचुरलं तर लगेच ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. आठवड्यातून एकदा मसुराचा लेप: डाळ रात्री दुधात भिजवायची, सकाळी पाट्यावर गंधासारखी वाटायची, त्यात बोटभर तूप. लेप अर्धवट ओला असतानाच धुवायचा. वाळून पापुद्रे निघेपर्यंत ठेवला तर आजी रागवायची, “भिंत लिंपली आहेस का?” बाकी रोजचं म्हणजे साय, हळद आणि बेसन.

आता आपल्या गावांकडं येते. आपली लग्नं या गावागावांतच फिरत असत. इंदूरची मुलगी ग्वाल्हेरला, बडोद्याची इंदूरला, बेळगावची हैदराबादला. मुलीबरोबर तिच्या माहेरचा उपाय जायचा आणि सासरच्या बाजारात जे मिळेल त्याप्रमाणे बदलायचा.

इंदुरात चारोळी आली. मध्य प्रदेशच्या जंगलांतला हा माल सियागंजातल्या किराणा दुकानांत पोत्यांनी असायचा. चारोळी दुधात वाटून तोंडाला लावणं हे मूळचं इकडचं, हिंदी घरांतलं उबटन. आपल्या बायकांनी ते उचललं आणि मसुराच्या जोडीला बसवलं. माझी आई दोन्ही एकत्र वाटायची.

गोव्याकडं आणि बेळगावच्या पट्ट्यात जायफळाला तोटा नाही. फोंड्याकडच्या कुळागरांत सुपारी, नारळ, मिरी यांच्या जोडीनं जायफळाचं झाड असतंच. नणंदेच्या घरी गोव्याहून ओली जायफळं यायची. वरच्या सालीचं लोणचं व्हायचं, बी उगाळायला ठेवायची. इंदुरात आम्ही एक जायफळ वर्षभर पुरवायचो, आणि तिच्याकडं डबा भरलेला!

बडोद्याच्या माझ्या मावशीकडं, दांडिया बाजारात, मुलतानी मातीला मान होता. उन्हाळ्यात गुलाबपाण्यात कालवून लावायची. हैदराबादच्या जाऊबाई चंदन आणि गुलाबपाणी वापरायच्या. तिथल्या मुसलमान शेजारणींचं उबटन आणि आपलं दिवाळीचं उटणं यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद आपली, बाकी अत्तराचा वास त्यांचा, एवढंच.

ग्वाल्हेरची गोष्ट वेगळी आहे. आत्या लष्करात दिली होती. तिकडं सगळा मोहरीचा मुलूख. आपले लोक देशावरून खोबरेल आणि तिळाचं तेल घेऊन गेले, पण दोन पिढ्यांत थंडीत अंगाला आणि तोंडाला मोहरीचं तेल चोळायला लागले. तेल चोळायचं आणि गच्चीवर उन्हात बसायचं. उत्तरेकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे नोंदवलं आहे की वांग असलेल्या लोकांत, विशेषतः पुरुषांत, चेहऱ्याला मोहरीचं तेल लावणारे बरेच आढळतात. आत्याच्या सासरी सगळ्यांच्याच गालावर वांग होते आणि ते तिथल्या पाण्याचा दोष मानायचे.

पुरुषांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझे आजोबा होळकर सरकारच्या मोजणी खात्यात होते. वर्षातले आठ महिने उन्हात. त्यांच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या हाडावर वांगाचा काळा पट्टा होता, आजीच्या डागांपेक्षा दुप्पट ठळक. त्यांच्यासाठी घरात कधी कुणी जायफळ उगाळलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. उलट “साहेब उन्हातान्हात राबतात” असं कौतुकच व्हायचं. तोच डाग आत्याच्या तोंडावर आला तेव्हा घरात बैठक बसली.

आत्याला लग्नाआधीच वांग आले होते. 1950 च्या सुमाराची गोष्ट. बघायला यायचा दिवस ठरला, हातात तीन आठवडे होते. आजी चार दिवस गावाला गेलेली. घरातल्या दुसऱ्या एका वडीलधाऱ्या बाईनं ठरवलं की रोज मसुराचं भरड पीठ लिंबात कालवून चोळायचं, जितकं जोरात तितकं लवकर. चार दिवसांत आत्याचे गाल सोलवटले. ती तशीच उन्हात पापड वाळत घालायला जायची. तीन आठवड्यांनी डाग होते त्याहून काळे. ती मंडळी आली, बघून गेली, आणि निरोप आला तो नकाराचा. आत्या ही गोष्ट म्हातारपणी हसत सांगायची, पण सांगताना तिचा हात दर वेळी गालावर जायचा. पुढे ग्वाल्हेरचं स्थळ आलं, त्यांना डागांचं काही वाटलं नाही, आणि संसार छान झाला. आजीनं मात्र त्यानंतर घरात कुणालाही पीठ चोळू दिलं नाही.

आज यामागचं कारण डॉक्टर सांगतात. आपली गव्हाळ-सावळी कातडी कुठेही घासली, भाजली, सोलली की ती जागा बरी होताना काळी पडते. लिंबाच्या जातीच्या फळांचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं तर कातडी भाजते आणि डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे लेप तोच, पण लावायचा की घासायचा, रात्री की उन्हात, यावर सगळं होतं. आजीचे नियम ही निम्मी औषधी होती. मोबाइलवरच्या नुस्ख्यांत साहित्य असतं, नियम नसतात.

नंतर बाजार आला. 1919 मध्ये मुंबईत पाटणवालांचा अफगाण स्नो निघाला आणि हळूहळू आपल्या घरांतही ती बाटली आली. आईच्या पेटीत एक होती, फक्त लग्नकार्याला उघडायची. 1952 मध्ये परळला केशव पेंढरकरांनी विको सुरू केली. त्यांचं हळदीचं क्रीम 1970 च्या दशकात घरोघरी पोचलं, आणि ते औषध की सौंदर्यप्रसाधन हा अबकारी कराचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षं चालला. मला तो वाद फार बोलका वाटतो. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं, जायफळ हे औषध की नटणं.

1975 मध्ये दोन गोष्टी झाल्या. हिंदुस्थान लिव्हरनं फेअर अँड लव्हली बाजारात आणलं. त्याच वर्षी अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोन डॉक्टरांनी वांगांवर तीन औषधांचं मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. पहिल्याची जाहिरात सगळ्यांनी पाहिली. फेअर अँड लव्हलीनं 2020 मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं, तेही सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या गोष्टीची आपल्याकडं चर्चाच झाली नाही, आणि नुकसान जास्त तिनं केलं.

तसं ते मिश्रण वाईट नव्हे. डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे वापरायचं औषध आहे आणि त्यानं वांग उतरतात. पण आपल्याकडं तसल्या ट्यूबा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळायला लागल्या. स्टिरॉइडनं पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा असा उजळतो की बघणारी पुढच्या ट्यूबचे पैसे हातात घेऊनच उभी राहते.

माझ्या मामेबहिणीचं हेच झालं. 1990 च्या दशकात, दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला वांग आले. जायफळ तीन महिने लावलं, थोडा फरक पडला. तेवढ्यात तिच्या ओळखीच्या पार्लरमधल्या बाईनं एक ट्यूब दिली. महिन्याभरात चेहरा लख्ख. सगळ्यांनी वाखाणलं. एका लग्नात तर नवरीपेक्षा हिच्याकडं बघत होते. तिनं ट्यूब साडेतीन वर्षं लावली. बंद केली की दोन दिवसांत तोंड लाल, आग आग, पुरळ. मग पुन्हा लावायची. गालाची कातडी इतकी पातळ झाली की बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, ओठांवर आणि हनुवटीवर लव वाढली, स्वयंपाकघरात गॅसपुढं उभं राहवेना. चेहरा झाकून ती घरात बसायला लागली. ज्या डागांसाठी हे सगळं केलं ते परत आले ते वेगळेच.

शेवटी चांगला त्वचारोगतज्ज्ञ भेटला. त्यानं ट्यूब बंद करवली, दीड वर्ष धीर दिला. या दुखण्याला आता नाव आहे, ‘स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा’, आणि देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर आवाज उठवला. 2018 मध्ये सरकारनं अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. पण बंदी कागदावर आहे. आपल्या भाच्या-पुतण्यांच्या पर्समध्ये काय आहे ते बघा.

तर मग आजीच्या सहाणेनं वांग जायचे का? खरं सांगायचं तर बरेचसे आपोआप जायचे. गरोदरपणात आलेले वांग पुष्कळ जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत, वर्षभरात फिके होतात. हळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध यांत रंग थोडा हलका करणारे गुण आहेत, ज्येष्ठमधाचा अर्क आजच्या क्रीममध्येही घालतात. पण लेपानं मुळापासून वांग गेले असं म्हणता येत नाही. ऊन लागलं की ते परत येतात. आजीच्या रीतीत आणखी काहीतरी होतं. बाळंतीण सव्वा महिना घरात, अंधाऱ्या खोलीत. बाहेर निघाली तर कपाळापर्यंत पदर. दुपारी कुणी उन्हात जायचं नाही. जायफळ लावायला रोज रात्री कुणीतरी जवळ बसायचं, दिवसभराचं विचारायचं. राग, श्रम, शोक ही कारणं ग्रंथांत लिहिली होती. त्यातला श्रम आणि शोक त्या सव्वा महिन्यापुरता तरी हलका व्हायचा. सव्वा महिना संपला की सून पुन्हा चुलीपुढं आणि उन्हात, हेही खरं. डाग पुसायला सगळे तयार होते, काम वाटून घ्यायला नव्हते.

आज डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती सावलीचीच. छत्री, ओढणी, आणि सनस्क्रीन. वांगांना नुसतं अतिनील ऊनच नव्हे तर दिसणारा उजेडसुद्धा काळं करतो, म्हणून त्यांना रंगीत सनस्क्रीन देतात. त्यातला रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या गेरूच्याच घराण्यातला. (म्हणून कुंडीचा गेरू तोंडाला फासू नका!) आणि प्रत्येक काळा डाग वांग नसतो. कुंकवाची रिअॅक्शन येऊन कपाळ काळं होतं, मान काळी पडली तर साखर तपासावी लागते. आधी दाखवून घ्यावं, मग उगाळावं.

मामेबहिणीची मुलगी आता तिशीत आहे. पहिल्या बाळंतपणात तिलाही वांग आले. तिच्या आईनं तिला ट्यूब आणू दिली नाही. छत्री घेऊन दिली, स्किनच्या डॉक्टरकडं नेलं, आणि आमच्याकडून सहाण मागून घेतली. डाग बरेच फिके झाले, थोडे आहेत. ती म्हणते, “असू देत, बाबांनाही आहेत.” तिच्या वडिलांच्या गालावरचे वांग आम्हाला कुणालाच इतक्या वर्षांत दिसले नव्हते.

मंडळी, एक विनंती. तुमच्या घरी वांगांना काय लावत ते खाली लिहा. गाव लिहा, कुणाच्या माहेराहून आलं ते लिहा, आणि नुसतं साहित्य नको, नियमही लिहा: किती वेळ, दिवसाच्या कोणत्या वेळी, काय करायचं नाही. आपल्या समूहातल्या ऐंशीच्या पुढच्या आज्या अजून आहेत. त्यांना या आठवड्यातच विचारा.